पाणी तर मेणबत्ती विझल्यावर चढलं

दिवाळीच्या सुट्टीत भाची राहायला आली होती, चौथीत आहे, आणि आल्या आल्या तिचं सुरू झालं की मावशी प्रयोग कर ना काहीतरी, म्हणून मी माझा हुकमी प्रयोग काढला. ताटात पाणी घ्यायचं, चिमूटभर कुंकू टाकून लाल करायचं म्हणजे नीट दिसतं, मधे मेणबत्ती उभी करून पेटवायची आणि वरून काचेचा ग्लास पालथा घालायचा. मेणबत्ती विझते आणि ताटातलं पाणी ग्लासात चढतं. लहान मुलं हमखास आ वासतात. मग मी नेहमीचं वाक्य टाकलं, जे मला माझ्या शाळेत सांगितलेलं आणि मी पुढे पंधरा वर्षं आठवी-नववीच्या पोरांना सांगत आले: "बघ, मेणबत्तीने आतला ऑक्सिजन संपवला, त्याची जागा रिकामी झाली, म्हणून तिथे पाणी आलं. हवेत एक पंचमांश ऑक्सिजन असतो, पाणीपण साधारण तेवढंच चढलंय की नाही?"

ती गप्प बसली. मग म्हणाली, "पण मावशी, पाणी तर मेणबत्ती विझल्यावर चढलं."

मी म्हटलं परत करू. परत केलं. आणि खरंच की, मेणबत्ती जळत होती तोपर्यंत पाणी जवळजवळ जागचं हललं नाही, ज्योत मंद झाली तसं जरा सरकलं, आणि विझली त्याच्यानंतर सुर्रकन वर गेलं. ऑक्सिजन संपत जाण्यामुळे पाणी चढत असेल तर ते मेणबत्ती जळत असताना हळूहळू चढायला हवं ना, विझल्यावर तर कोण ऑक्सिजन खातंय? इतकी वर्षं मी हा प्रयोग वर्गात केला, शेकडो पोरांनी बघितला, आणि मी स्वतः तो कधी बघितलाच नव्हता, कारण उत्तर मला आधीच माहीत होतं.

खरी गोष्ट अशी आहे. आपण ग्लास खाली आणतो तेव्हाच मेणबत्तीच्या उष्णतेने आतली हवा तापून फुगलेली असते, त्यातली थोडी बाहेर निसटते, नीट बघितलं तर ग्लासाच्या काठाशी कधीकधी बुडबुडे पण दिसतात. मग ज्योत विझते, हवा थंड होते, आकसते, आतला दाब कमी होतो आणि बाहेरची हवा ताटातल्या पाण्यावर दाबत असतेच, ती पाण्याला आत ढकलते. मुख्य कारण हे. मेण जळताना वाफ होते ती ग्लासाच्या आत थंड होऊन पाणी होते, तिचा थोडा वाटा आहे. ऑक्सिजन वापरला जातो हे खरंच, पण त्याच्या बदल्यात कार्बन डायऑक्साइड तयार होतो ना, जागा अगदी रिकामी थोडीच पडते. आणि ऑक्सिजन संपत पण नाही! हवेत तो 21 टक्के असतो आणि बंद भांड्यात साधारण 16 टक्क्यांच्या आसपास आला की मेणबत्ती मान टाकते, म्हणजे बराचसा ऑक्सिजन आत तसाच शिल्लक असतो. एक पंचमांश पाणी चढणं हा निव्वळ योगायोग. पटत नसेल तर एकाऐवजी तीन मेणबत्त्या लावून बघा, ऑक्सिजन तेवढाच पण पाणी जास्त चढतं, कारण हवा जास्त तापलेली असते.

आता मुद्दा असा की मी त्या पोरीला काय दिलं होतं. सोपं उत्तर दिलं होतं का? सोपं होतं, पण चूक होतं. आणि "हवा तापली की फुगते, थंड झाली की आकसते" हे काय अवघड आहे? उलट ऑक्सिजनपेक्षा हे चौथीतल्या पोरीला जास्त कळतं, तिने चपाती फुगलेली आणि मग बसलेली रोज बघितलीये. (चपातीत बहुतेक वाफ असते, हवा नाही, हे तिने मला लगेच ऐकवलं, ते सोडा.) म्हणजे मुलांना झेपणार नाही म्हणून आपण खरं उत्तर टाळतो असं म्हणतो खरं, पण बऱ्याच वेळा खरं उत्तर आपल्यालाच माहीत नसतं आणि समोर लहान मूल आहे म्हटल्यावर आपण तपासायची तसदी घेत नाही. "चालतंय की, लहान आहे." मुलांना कमी लेखणं म्हणतात ते माझ्या मते हे. शब्द सोपे वापरणं म्हणजे कमी लेखणं नव्हे, सोपं बोलायलाच पाहिजे. समोरचा आपलं बोलणं तपासून बघू शकतो हे गृहीतच न धरणं म्हणजे कमी लेखणं.

ढग गडगडले की आमची आजी सांगायची म्हातारी हरभरे भरडतेय. आणि शाळेत सांगायचे दोन ढग एकमेकांवर आदळतात म्हणून वीज पडते आणि आवाज होतो. यातलं कुठलं बरं? मला विचाराल तर म्हातारीच बरी. ती गोष्ट आहे, पाच वर्षांच्या पोरालाही कळतं की ही गोष्ट आहे, कोणी तिच्यावर मार्क देत नाही. ढगांची टक्कर मात्र सायन्सचे कपडे घालून येते. पावसाळ्यात महाबळेश्वरला गेलेलं कुठलंही मूल ढगाच्या आत जाऊन आलेलं असतं, त्याला माहीत असतं की ढग म्हणजे धुकं, ओलसर, गार, त्यात हात घातला तर आरपार जातो. धुक्यावर धुकं आपटून कडाड्‌कन आवाज कसा येईल? हा प्रश्न मुलाच्या मनात येतो, विचारलाच तर "गप बस, पुस्तकात दिलंय तेच लिही." तिथे ते मूल शिकतं की सायन्समध्ये आपलं बघणं चालत नाही.

खरं काय होतं ते पण सांगण्यासारखंच आहे. उंच ढगात वर बर्फ असतो, बारीक बर्फाचे कण आणि मऊ गारांचे गोळे वाऱ्याने खालीवर होत एकमेकांवर घासतात-आपटतात आणि त्यात विजेचा भार वेगळा होतो, बारीक कण वर जातात, जड गोळे खाली राहतात, म्हणजे ढगाचा वरचा भाग आणि खालचा भाग वेगवेगळ्या भाराचे होतात. फरक फार वाढला की ठिणगी. म्हणजे टक्कर असते, पण ढगांची नाही, आतल्या बर्फाची. केसांना प्लॅस्टिकचा कंगवा घासून कागदाचे कपटे उचलणारं पोर हे समजू शकतं. ठिणगीच्या वाटेतली हवा एका झटक्यात 30,000 अंश सेल्सियसच्या घरात तापते, सूर्याचा पृष्ठभाग साडेपाच हजार अंशाचा असतो, म्हणजे त्याच्या पाचपट, आणि ती हवा इतकी अचानक फुगते की तोच आपल्याला गडगडाट ऐकू येतो. मग मुलांना सांगा वीज चमकली की सेकंद मोजा, आवाज येईपर्यंत, आणि तीनाने भागा, तितके किलोमीटर लांब. आवाज सेकंदाला साधारण 340 मीटर जातो म्हणून तीन. हे घरात खिडकीत बसून मोजायचं, गच्चीवर जाऊन नाही! मागच्या जूनमध्ये आमच्याकडे चार पोरं ओरडून आकडे मोजत होती आणि नेहमी विजेला घाबरणारं त्यातलं एक "अजून एक पडू दे" म्हणत होतं.

मेणबत्तीवरून आठवलं. मायकेल फॅरेडे म्हणून शास्त्रज्ञ होऊन गेला, वीज आणि चुंबकाचं आज आपण जे काही वापरतो त्याच्या मुळाशी त्याचं काम आहे. लंडनच्या एका लोहाराचा मुलगा, शाळा जेमतेम, चौदाव्या वर्षी बुकबाइंडरकडे उमेदवारीला लागला आणि बांधायला आलेली पुस्तकं वाचून वाचून शिकला. लंडनच्या रॉयल इन्स्टिट्यूशनमध्ये नाताळच्या सुट्टीत मुलांसाठी भाषणं सुरू झाली 1825 मध्ये, ती अजून चालू आहेत. फॅरेडेने स्वतः त्यातल्या एकोणीस मालिका केल्या आणि शेवटची, 1860 च्या नाताळातली, फक्त मेणबत्तीवर. सहा भाषणं! एका मेणबत्तीवर! तेव्हा तो 69 वर्षांचा होता, जगात नाव होतं, आणि समोर शाळकरी पोरं.

त्याने मुलांसाठी रसायनशास्त्र वेगळं केलं नाही, तेच रसायनशास्त्र मेणबत्तीपासून सुरू केलं. मेणबत्ती विझवली की पांढरा धूर निघतो ना, त्या धुराला वरून काडी लावली तर ज्योत धुरावरून उडी मारून वातीवर परत येते. मी हे भाचीला करून दाखवलं, म्हणजे काडी मी धरली, ती नुसती बघत होती, आणि ज्योत बोटभर अंतर उडी मारून आली तेव्हा ती किंचाळली. का होतं असं? कारण तो धूर म्हणजे मेणाची वाफ, थंड होऊन बारीक कण झालेले. जळते ती वात नाही, घट्ट मेणही नाही, जळते मेणाची वाफ. मग फ्रीजमधला गार स्टीलचा चमचा ज्योतीच्या वर जरा उंच धरला तर त्यावर वाफ धरते. आगीतून पाणी? हो, मेणातला हायड्रोजन आणि हवेतला ऑक्सिजन मिळून. चमचा ज्योतीच्या आत घातला तर काजळी, म्हणजे कार्बन, आणि तोच कार्बन तापून चमकतो म्हणून ज्योत पिवळी दिसते. शेवटी फॅरेडे तिथवर गेला की आपण श्वास घेतो तेव्हा शरीरातही हेच चाललेलं असतं, मेणबत्तीसारखं, फक्त ज्योतीशिवाय. यात काय काय आलं बघा, आणि एकही गोष्ट अशी नाही की जी त्याने "मोठे झालात की कळेल" म्हणून ठेवून दिली.

"मोठा झालास की कळेल" या वाक्यावर माझा फार राग आहे. मोठं झाल्यावर कोणी सांगत नाही हो. मोठं झाल्यावर फक्त विचारायची लाज वाटते.

दुसरी एक गंमत म्हणजे नाव सांगून प्रश्न मिटवणं. वाळत घातलेल्या कपड्यातलं पाणी कुठे गेलं? "बाष्पीभवन झालं." चेंडू खाली का पडतो? "गुरुत्वाकर्षण." मूल मान डोलावतं, आपल्याला वाटतं शिकवलं. पण बाष्पीभवन हे उत्तर नाहीये, ते जे झालं त्याचं नाव आहे, जसं पोट का दुखतंय विचारल्यावर "पोटदुखी झालीये" म्हणावं. आणि आपल्याकडे यात आणखी एक भर, सेमी इंग्लिश. पोरांना घरी "कपडे वाळले" कळतं, पुस्तकात "इव्हॅपोरेशन" असतं, आणि दोन्ही एकच आहे हे मधे कोणी सांगतच नाही. मी एकदा सातवीच्या मुलाला विचारलं इव्हॅपोरेशनचं उदाहरण दे, तो म्हणाला समुद्राचं पाणी. अजून? गप्प. त्याचा शर्ट घामाने ओला झालेला होता आणि पंख्याखाली वाळत होता. मी मराठी-इंग्रजीच्या भांडणात पडत नाही इथे, शब्द कुठलाही चालेल, बाष्पीभवन तरी कुठे कोण घरी म्हणतं, पण शब्द शेवटी यावा. आधी ओला रुमाल एक घडी करून आणि एक पसरून दोरीवर टाका, कुठला आधी वाळतो ते बघा, का ते भांडा, आणि मग सांगा की याला असं असं म्हणतात. तेव्हा तो शब्द कामाचा होतो.

आता जरा मोठं उदाहरण, कारण हे आमच्याकडे तीन आठवडे चाललं. आईला, म्हणजे भाचीच्या आजीला, संकष्टी असते. चंद्रोदयाशिवाय जेवण नाही. पोरगी मागे लागली की चंद्र नऊ वाजताच का येतो, संध्याकाळी सहाला का येत नाही, आजीला भूक लागलीये. मी विचारलं तुला काय वाटतं. इथे मी थोडी शहाणी झाले होते मेणबत्तीनंतर. ती म्हणाली चंद्र रोज रात्री उगवतो, अंधार झाला की, पण संकष्टीला देव मुद्दाम उशीर करतो, परीक्षा बघायला. हसू आलं, पण यातलं पहिलं वाक्य, चंद्र रोज अंधार पडला की उगवतो, हे तर कितीतरी मोठ्या माणसांनाही वाटतं. तुम्हीच आठवून बघा शेवटचा दिवसाउजेडी चंद्र कधी बघितला होता.

मुलांच्या डोक्यात आधीपासून काहीतरी असतं, ती रिकामी पाटी नसते. पृथ्वी कशी दिसते यावर अमेरिकेतल्या मुलांशी बोलून संशोधकांनी 1992 मध्ये एक अभ्यास छापला, त्यात कितीतरी मुलं "पृथ्वी गोल आहे" असं बरोबर उत्तर देत होती पण चित्र काढायला सांगितल्यावर कोणी भाकरीसारखी चपटी गोल काढली, कोणी चेंडूसारखी पण पोकळ, आणि माणसं आतल्या सपाट जमिनीवर उभी. चार वर्षांनी भारतातल्या मुलांसोबत तसाच अभ्यास झाला तर आपल्याकडच्या काही मुलांची पृथ्वी पाण्यावर तरंगत होती! मला हे फार आवडतं. ही मुलं मूर्ख नाहीत, त्यांनी मोठ्यांचं "गोल" आणि स्वतःला रोज दिसणारं सपाट, आणि घरातल्या गोष्टी, असं सगळं मिळून एक जग बसवलंय ज्यात कोणीच खोटं ठरत नाही. आता या मुलाला तुम्ही परत एकदा "पृथ्वी गोल आहे" सांगितलंत तर ते म्हणेल हो, माहितीये. त्याच्या डोक्यातली पृथ्वी कशी आहे हे विचारल्याशिवाय पुढे जाता येत नाही.

तर आम्ही पौर्णिमेपासून सुरू केलं. रोज गच्चीत जाऊन चंद्र समोरच्या टाकीच्या वर दिसला की वेळ लिहायची, जुन्या कॅलेंडरच्या पानामागे. पौर्णिमेला सूर्य मावळला आणि तेवढ्यात चंद्र. दुसऱ्या दिवशी पाऊण तास उशीर, कधी जरा जास्त. तिसऱ्या दिवशी आणखी. चौथ्या दिवशी संकष्टी. ती वेळ बघूनच म्हणाली, "म्हणजे तो रोजच उशिरा येतो, संकष्टीलाच नाही." परीक्षा बघणारा देव तिने स्वतःच बाजूला ठेवला, मला काही बोलावं लागलं नाही, आणि आजीच्याही श्रद्धेला काही धक्का नाही.

मग का उशीर, तर मी घड्याळ दाखवलं. बारा वाजता दोन्ही काटे एकावर एक. तासाने मिनिटकाटा पूर्ण गोल फिरून बारावर येतो, पण तासकाटा तिथे आहे का? नाही, तो एकवर सरकलाय, त्याला गाठायला मिनिटकाट्याला आणखी पाच-साडेपाच मिनिटं जावं लागतं. पृथ्वी मिनिटकाटा, चंद्र तासकाटा. पृथ्वी एक गिरकी मारून येते तोवर चंद्र थोडा पुढे गेलेला असतो. किती पुढे? एका अमावास्येपासून दुसऱ्या अमावास्येपर्यंत तो पूर्ण फेरी मारतो, म्हणजे उशीर साठत साठत पूर्ण एक दिवसाचा होतो. मी म्हणत होते साडेएकोणतीस दिवस धर, ती म्हणाली भागायला अवघड जातं, तिथ्या तीस असतात ना, तीस धरू. एका दिवसाची मिनिटं 24 गुणिले 60, म्हणजे 1440, भागिले 30, उत्तर 48. रोज 48 मिनिटं उशीर. पौर्णिमेला सहाला उगवला तर तीन-चार दिवसांनी साडेआठ ते सव्वानऊ. कॅलेंडर काढून सगळ्या संकष्टींचे चंद्रोदय बघितले, हिवाळ्यातले बऱ्यापैकी जुळले, आणि उन्हाळ्यातले दहा-साडेदहापर्यंत गेलेले बघून ती परत रुसली. त्याला दुसरी कारणं आहेत, एक तर उन्हाळ्यात सूर्यच उशिरा मावळतो, बाकीची मी पुढच्या सुट्टीवर ढकललीयेत, पण "ते नाही कळणार तुला" असं म्हटलं नाही, "ते मला आधी स्वतःला नीट मांडायला लागेल" असं म्हटलं, जे खरं आहे.

आणि चंद्राच्या कलांबद्दल एकच सांगते, कारण इथे बहुतेक जण "पृथ्वीची सावली पडते" म्हणतात. शुक्ल अष्टमीच्या आसपास दुपारी चार वाजता बाहेर जा, अर्धा चंद्र वर दिसतो आणि सूर्यही दिसतो. दोन्ही एकाच वेळी आकाशात, मग पृथ्वी मधे येऊन सावली कशी पाडेल? तिथेच उन्हात हातात चेंडू घ्या, मोसंबं घेतलं तरी चालेल, आणि चंद्राच्या दिशेने हात लांब करून धरा. मोसंब्याची जेवढी बाजू उजळ दिसते तेवढीच चंद्राची. हे मी वयाच्या चाळिशीत पहिल्यांदा केलं आणि रस्त्यात उभी राहून हसत होते, वॉचमनला वाटलं काय झालं हिला.

लोक म्हणतात एवढा वेळ कुठाय, पोर्शन संपवायचा असतो. खरंय, मी त्या बाजूला बसलेली आहे, साठ पोरांचा वर्ग आणि पस्तीस मिनिटांचा तास. पण हे मोठ्या प्रमाणावर सरकारी शाळांत झालेलं आहे. मध्य प्रदेशात होशंगाबाद जिल्ह्यात 1972 मध्ये सोळा खेड्यातल्या शाळांमधून प्रयोग करत सायन्स शिकवायला सुरुवात झाली, पुढे पूर्ण जिल्ह्यात पसरलं, तीस वर्षं चाललं आणि 2002 मध्ये सरकारने बंद केलं. पुस्तकात उत्तरंच नसायची, प्रयोग करायचा आणि स्वतःचं निरीक्षण लिहायचं. परीक्षेला पुस्तक आणि वही घेऊन बसायची परवानगी, वर प्रयोगाचीही परीक्षा. मुलांनी मनातले प्रश्न पत्राने पाठवायचे सवालीराम नावाच्या एका काल्पनिक माणसाला, आणि उत्तर यायचं! सवालीराम कधी कोणाला दिसला नाही, पण खेड्यातल्या पोराला कोणीतरी नावानिशी उत्तर लिहितंय ही गोष्टच केवढी मोठी.

आपले अरविंद गुप्ता याच कामात घडले. आयआयटीतून इंजिनियर झालेला माणूस, काडेपेटीच्या काड्या आणि सायकलच्या व्हॉल्वट्यूबचे तुकडे जोडून आकार करायला लागला, नंतर पुण्यात आयुका या खगोलशास्त्राच्या संशोधन संस्थेत बसून कचऱ्यातून खेळणी करायला कितीतरी मुलांना शिकवलं. तीन काड्या तीन तुकड्यांनी जोडा, त्रिकोण होतो, दाबा, हलत नाही. चार काड्यांचा चौकोन करा, बोट लावलं की वाकडा. आता त्या पोराला विचारा घराच्या पत्र्याखाली आधाराची कैची त्रिकोणीच का असते. हे सांगायला लागत नाही, बोटांना आधीच कळलेलं असतं. खर्च दोन-पाच रुपये. त्याच्या उलट ते शाळेच्या प्रदर्शनातले ज्वालामुखी बघा, मातीचा डोंगर, त्यात खायचा सोडा आणि व्हिनेगर, लाल फेस. पाचशे रुपये आणि आईची एक रात्र जाते आणि खऱ्या ज्वालामुखीबद्दल त्यातून शून्य कळतं, सोडा-व्हिनेगरबद्दलही काही कळत नाही. दिसतं छान, एवढंच.

हां, आणि फाजील कौतुक. "वाऽऽव, किती छान प्रश्न विचारलास, छोटा शास्त्रज्ञच आहे बाई आमचा!" आणि उत्तर नाहीच. किंवा तो आवाज, "बालमित्रांनोऽऽ, चला तर मग", जो आपण कुठल्याही मोठ्या माणसाशी काढणार नाही. मुलांना हे कळतं हो. त्यांना प्रश्नाचं कौतुक नको असतं, प्रश्नाचं उत्तर हवं असतं.

मग काय सगळंच पूर्ण खरं सांगायचं का पाच वर्षांच्या मुलाला? नाही, शक्यच नाही, मोठ्यांनाही पूर्ण खरं कुठे झेपतं. पण अपुरं आणि चूक यात फरक आहे. "पृथ्वी चेंडूसारखी गोल आहे" हे अपुरं आहे, ती ध्रुवांकडे किंचित दबलेली आहे, विषुववृत्ताशी व्यास 12,756 किलोमीटर आणि ध्रुवातून 12,714. पुढे कधीतरी हे 42 किलोमीटर सांगितले की आधीचं मोडावं लागत नाही, त्याच्यावरच बसतं. "उन्हाळ्यात सूर्य जवळ येतो म्हणून गरम होतं" हे मात्र चूक आहे. पृथ्वी सूर्याच्या सगळ्यात जवळ असते जानेवारीच्या सुरुवातीला, जेव्हा आपण स्वेटर घालून बसलेलो असतो, आणि सगळ्यात लांब जुलैच्या सुरुवातीला. हे एकदा डोक्यात बसलं की नंतर उखडायला फार त्रास, मी दहावीच्या पोरांबरोबर तो त्रास काढलाय. माझा आपला साधा नियम, आज मी जे सांगतेय त्यावर उद्याच्या बाई मजला चढवू शकतील की त्यांना आधी पाडापाडी करावी लागेल?

आणि माहीत नसेल तर माहीत नाही म्हणायचं. जयंत नारळीकरांकडे मुलं सही मागायला यायची तर ते म्हणायचे सही नाही देणार, मला पोस्टकार्डावर प्रश्न लिहून पाठव, मी उत्तर पाठवीन आणि खाली माझी सही असेल. एवढे मोठे खगोलशास्त्रज्ञ, आयुका उभी केलेला माणूस, पोस्टकार्डांना उत्तरं लिहीत बसायचे. सही मागायला आलेल्या पोराला आधी प्रश्न शोधावा लागायचा.

तर भाची जायच्या आदल्या दिवशी परत मेणबत्तीवर आली. म्हणाली, जर पाणी हवा गार झाल्यामुळे चढत असेल तर मेणबत्ती लागायलाच नको. मग तिनेच सांगितलं काय करायचं ते. काचेचा ग्लास फुटू नये म्हणून मी स्टीलचा घेतला, त्यात गरम पाणी भरून तापवला, ओतून टाकला आणि लगेच ताटात पालथा. स्टीलचा असल्यामुळे आत काही दिसेना, पण ताटातलं लाल पाणी कमी झालेलं दिसलं, थोडंसंच, तरी झालं. मेणबत्ती नाही, ऑक्सिजन कोणी खाल्ला नाही. माझी पंधरा वर्षं अशी ताटात पालथी.

मग मला जरा चेव आला. मी म्हटलं पैज लाव, दोन मेणबत्त्या, एक उंच, एक बुटकी, दोन्ही पेटवून वरून मोठी काचेची बरणी पालथी घालायची, आधी कुठली विझेल? मी छातीठोकपणे बुटकी सांगितली, कारण कार्बन डायऑक्साइड हवेपेक्षा जड, तो खाली साचणार, हे मी कितीतरी वेळा फळ्यावर लिहिलंय. ती म्हणाली उंच, कारण गरम असतं ते वर जातं, धूर बघ ना. पैज पाणीपुरीची.

उंच आधी विझली. ज्योतीतून निघालेला कार्बन डायऑक्साइड गरम असतो, तो आधी वरच साचतो, गार झाल्यावर खाली यायचा तेव्हा येईल. मी म्हटलं एकदा असं होऊ शकतं, परत करू. तीनदा केलं, तिन्ही वेळा उंचच. पैसे मी दिले, आणि तिला वरून सुकी पुरी पण हवी होती.